दोघांत एक नाक

१ जानेवारी, बुधवार

ही डायरी खतवाल्याने माझ्या वडिलांना, आण्णांना, दिली. आण्णा म्हणाले, "मला काय करायची, मला तारखा झेंडू सांगतो," आणि माझ्याकडे सरकवली. मीही लिहिणार नव्हते. पण आज पहिल्यांदा आई माझ्याबरोबर कामाला आली, आणि सकाळपासून जी भीती वाटतेय ती सांगायची कुणाला? आईला सांगितलं तर म्हणेल, भित्री भागूबाई. म्हणून तुला सांगते.

पहिल्या पानावर नावगाव लिहायचं असतं, तर लिहून टाकते. वैष्णवी. राहायला ओझरच्या पुढे, मळ्यात. सातपूरच्या आयटीआयमधून फ्रीज-एसीचा ट्रेड पास. त्यानंतर वर्षभर झेंडू तोडला आणि नातेवाइकांचे "मग, लागली का कुठं?" ऐकले. मग सरकारच्या योजनेतून पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये शिकाऊ म्हणून घेतलं. वर्षभर शिकायचं, विद्यावेतनातला काही वाटा सरकार मालकाला परत देतं, शेवटी सर्टिफिकेट. एप्रिलमध्ये लागले, मार्चअखेर संपणार. त्यानंतर काय, ते योजनेत लिहिलेलं नाही.

आतापर्यंत बेदाणा ठेवलेला होता, प्लांट निवांत चालायचा. आता द्राक्षांचा सीझन. सगळ्या खोल्या गार करायच्या, सगळी मशीन चालू. आणि त्या मशीनमध्ये अमोनिया फिरतो. आयटीआयचे सर सांगायचे, थोडा सुटला तर नाक झोंबतं, जास्त सुटला तर डोळे जातात, त्याहून जास्त सुटला तर विचारायला माणूस उरत नाही. पोरं हसायची. मी तेव्हाही हसले नव्हते.

मशीन रूमच्या भिंतीला लागूनच पॅकिंग हॉल आहे. तिथे पन्नासेक बाया कात्री घेऊन द्राक्षांचे खराब मणी छाटतात. आजपासून त्यात माझी आई. हॉलचं मागचं दार आमचे मालक महेश शेठ कुलूप लावून ठेवतात, माशा आत आल्या तर परदेशी माल नापास होतो म्हणून. दारापुढे खोक्यांची थप्पी. मी ते दार दिवसभर बघत होते.


९ जानेवारी, गुरुवार

आज धोंडीराम मामांनी तेल काढायला मला जवळ घेतलं. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर, नात्याचे नाहीत, पण सगळं पिंपळगाव त्यांना मामाच म्हणतं. पन्नाशी कधीच ओलांडलेली. मशीनच्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगतात.

तेलाचं असं आहे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर पुढे जातं आणि टाकीच्या तळाशी साचतं. ते अधूनमधून काढावं लागतं. खाली व्हॉल्व्ह, त्याला नळी, नळीखाली बादली. व्हॉल्व्ह जरासा उघडला की काळं तेल येत राहतं, आणि तेल संपलं की त्याच्यामागून गॅस येतो. तो यायच्या बेतात असतानाच चाक फिरवून बंद करायचं. पुस्तकात यासाठी आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सांगितलाय. आमच्याकडे तो नाही. आमच्याकडे नाकाने काम चालतं.

"मी चाक धरतो," मामा म्हणाले. "तू बादलीपाशी बस. वास आला की सांग."

मी बसले. जीव मुठीत धरून बसले, असं लिहायला हवं. वास आला, मी ओरडलेच, मामांनी बंद केलं. म्हणाले, "शाब्बास. रोज तूच बसत जा. नाक तयार झालं पायजे." इतका विश्वास आजवर आयटीआयमध्ये कुणी टाकला नव्हता माझ्यावर.

दुपारचा चहा मामांनीच केला. दूध खाली लागून करपलं होतं, झाकण काढल्याबरोबर कळलं. मी हळूच ओतून दिला. मामा पूर्ण ग्लास प्यायले आणि वर म्हणाले, मस्त झालाय. जुनी माणसं अन्नाला नावं ठेवत नाहीत, ते खरंच.


२० जानेवारी, सोमवार

मला वेड लागेल.

सकाळी दोन नंबरच्या कॉम्प्रेसरपाशी वास आला. नक्की आला. मामांना बोलावलं. त्यांनी पार तोंड खाली घातलं, हुंगलं आणि म्हणाले, "काय नाय. भास हाय तुला. डोक्यात तेच घेऊन बसलं की तसंच होतं." भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असंही म्हणाले. वीस वर्षं ज्याने हे मशीन चालवलं त्याला नाही येत आणि मला येतो, म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय.

भिंतीवर वास ओळखणारी पेटी आहे, पण तिच्या वायरी काढलेल्या आहेत. महेश शेठना मागे विचारलं होतं. म्हणाले, "अगं, ती उठसूट बोंबलते. बाया पळतात बाहेर, माल पडून राहतो."

शेवटी न राहवून मी गंधकाची काडी पेटवली. अमोनिया असेल तर त्या काडीतून पांढरा धूर निघतो. निघाला. थोडासाच, पण निघाला. मामांना दाखवला. ते पाना घेऊन आले आणि बोल्ट आवळला. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"नाक चांगलं हाय तुझं," म्हणाले.

म्हणजे पहिल्यांदा माझी परीक्षा घेत होते तर. असली परीक्षा नको मला.


२३ जानेवारी, गुरुवार

पॅनलच्या मागे उंदीर मरून पडला होता. वॉचमन दारातूनच परत गेला, मी ओढणी नाकाला बांधली. मामा तिथेच स्टुलावर बसून मेथीची भाजी आणि भाकरी खात होते. याला म्हणतात सवय. मला अशी सवय कधी होणार?

घरी आले तरी मी प्रत्येक गोष्ट हुंगते. आई म्हणाली, "मांजर झाली का काय तुझी?"


३ फेब्रुवारी, सोमवार

टेम्पोत सगळ्या बायांच्या मोबाईलवर एकच बातमी. शिकाऊ पोरांना जिथे शिकले तिथेच कायम केलं, तर पहिली दोन वर्षं पगाराचा मोठा वाटा सरकार मालकाला देणार. कुसाबाई, आईच्या टेबलावरची, म्हणाली, "म्हंजे सरकार लगीनबी लावून देतंय आन् दोन वर्सं नांदवायचा खर्चबी." सगळा टेम्पो हसला. आई माझ्याकडे बघून हसली नाही. तिच्या डोळ्यांत मला माझं अपॉइंटमेंट लेटर दिसलं.

दुपारी शेठ मशीन रूममध्ये आले. सहसा येत नाहीत. मला म्हणाले, "शिकून घे पटपट. स्कीम चांगली आहे." मग मशीनकडे बघत, जणू मशीनलाच सांगतायत तसं, "पण एका प्लांटला दोन ऑपरेटर काही मी ठेवणार नाही."

मामा तिथेच फडक्याने हात पुसत होते. हात पुसून झाले तरी पुसत राहिले.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज झरझर लिहितेय. अक्षर वाकडं येईल.

आज सातपूरला शिकाऊ उमेदवारांचा मेळावा होता, जाणं सक्तीचं. मंडप, फलक, पाण्याच्या बाटल्या. शिकाऊंच्या ऑफिसातल्या मॅडम भाषणात म्हणाल्या, कुणाला काही अडचण असेल तर निःसंकोच सांगा. माझा हात अर्धा वर गेला. भिंतीवरच्या पेटीबद्दल विचारणार होते. मग वाटलं, शेठच्या कानावर गेलं तर कायम होणं राहिलं बाजूला, सर्टिफिकेटही अडकेल. हात केसांकडे नेला आणि क्लिप नीट केली.

तेवढ्यात फोन. आईच्या नंबरवरून, पण आवाज दुसऱ्याच बाईचा. "गॅस सुटला. तुझी आई दवाखान्यात हाय."

सातपूरहून नाशिकचं सीबीएस स्टँड, तिथून एसटी, ओझर, पिंपळगाव. सगळ्या वाटेत मी काय काय बोलले देवाशी, ते लिहीत नाही. शेजारच्या सीटवरच्या आजींनी माझा हात धरून ठेवला होता.

आई बाकावर बसलेली होती. डोळे लालभडक, आवाज बसलेला. मला बघून आधी हेच म्हणाली, "जेवली का?" मी तिथेच खाली बसले आणि रडले. कुसाबाईला सलाईन लावलेलं. बाकीच्यांना ढास लागली होती. मागच्या दाराला कुलूप, म्हणून सगळ्या पुढच्या एकाच दारात अडकल्या. कुसाबाई खाली पडली आणि बायांचे पाय तिच्या पाठीवरून गेले.

मामा तेल काढत होते. एकटे. म्हणतात, नळी सरकली. गॅस हॉलमध्ये पोचल्यावर मग कुठे त्यांनी चाक बंद केलं.

वर्षात एक दिवस मी नव्हते आणि तोच दिवस.


१५ फेब्रुवारी, शनिवार

प्लांट कालच सुरू झाला. शेठनी बायांना दवाखान्याचा खर्च दिला आणि दोन दिवसांची हजेरी. कुणी तक्रार केली नाही. कुसाबाईसुद्धा म्हणाली, सीझन गेला तर पुन्हा कुठं जायचं?

मामा माझ्याशी धड बोलत नाहीत. आज एवढंच म्हणाले, "तू असतीस तर झालं नसतं."

मला लागलं ते. मी काय हौसेने गेले होते मेळाव्याला? पण दिवसभर तेच कानात घुमत राहिलं. खरंच मी असते तर झालं नसतं का? एवढा मोठा ऑपरेटर, तो माझ्यावर का ढकलतोय?


२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज भाकरी थापता थापता आई बोलून गेली, "आम्हाला भिंतीपलीकडं वास आला. धोंडीरामला जवळ उभं राहून कसा नाय आला?"

झालं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

करपलेलं दूध. उंदीर. "भास हाय तुला." "वास आला की सांग."

देवा, हे असलं काही नसू दे.


२६ फेब्रुवारी, बुधवार

मी वाईट काम केलं.

सकाळी आत गेल्या गेल्या नाक मुरडून म्हणाले, "मामा, रॉकेलचा केवढा वास येतोय. सांडलंय का?"

रॉकेल कुठेच नव्हतं. थेंबभरही नाही.

मामा म्हणाले, "हां, सकाळी सांडलं थोडं. पुसतो." आणि फडकं घेऊन कोरडी फरशी पुसायला लागले.

मला बघवेना. बापाच्या वयाचा माणूस गुडघ्यावर बसून काही नसलेलं पुसतोय. "मामा," मी म्हणाले, "रॉकेल नाहीये." त्यांचं फडकं फिरतच राहिलं. मशीनचा आवाज एवढा की त्यांनी ऐकलं की नाही असं वाटावं. मग म्हणाले, "कोरोनात गेलं. सगळ्यांचं परत आलं. माझंच आलं नाय."

चार वर्षं. डोळे झोंबायला लागले की त्यांना कळतं, आणि तोवर गॅस पुढे गेलेला असतो. आधी जोडीला एक मयूर नावाचा शिकाऊ होता, तो वास सांगायचा. तो गेला, मग मी आले.

"कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगून? नाक नसलेला ऑपरेटर कोण ठिवंल? मला दुसरं येतं काय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपण दोघं मिळून एक धड माणूस हाय, पोरी. तू हुंग, मी चालवतो. एवढा मार्च जाऊ दे."

मी ओरडायला हवं होतं. सरळ उठून शेठकडे जायला हवं होतं. मामांमुळे कुसाबाईच्या पाठीवरून पाय गेले. पण मी शेठकडे गेले तर मामा जाणार आणि खुर्ची माझी होणार, आणि सगळं पिंपळगाव म्हणेल, पोरीने म्हाताऱ्याला खाल्लं. आणि न सांगावं तर भिंतीपलीकडे आई. इकडे आड, तिकडे विहीर.

मी म्हणाले, बरं.


८ मार्च, शनिवार

महिला दिन. शेठनी हॉलमध्ये सगळ्यांना गुलाब दिले. आमच्याच आण्णांच्या ओळखीच्या मळ्यातले.

मी जेवायला जात नाही. मशीन रूममध्येच खाते. लघवीला गेले तरी पळत जाते, पळत येते. मामांना बजावलंय, मी नसताना चाकाला हात लावायचा नाही. ते लहान पोरासारखे मान हलवतात. मला त्यांचा राग येतो आणि दयाही येते, दोन्ही एकाच वेळी, आणि त्याने आणखी थकायला होतं.

ते मला शिकवतात मात्र मनापासून. आवाज ऐकायला, काटे वाचायला, हाताने पाइपचं तापमान ओळखायला. पण कॉम्प्रेसर अजून एकदाही मी उघडलेला नाही. सीझनमध्ये बंदच होत नाही तर उघडणार कधी?


२१ मार्च, शुक्रवार

आज मॅडम आल्या. कायम करायच्या आधी पाहणी करावी लागते म्हणे. शेठनी मला कालच सांगून ठेवलं होतं, एक एप्रिलपासून तू ऑपरेटर. आई रात्रीच आण्णांना म्हणाली, देवीला नारळ बोललेय.

मॅडम चांगल्या आहेत. घाईत होत्या. भिंतीवरच्या पेटीकडे बघून विचारलं, शेठ म्हणाले, "दुरुस्तीला दिलीय, मॅडम, नुसता डबा लावलाय." मग मॅडम मला म्हणाल्या, "एकटी सांभाळशील ना सगळं?"

नाही म्हणायचं होतं. मी अजून अर्धीच शिकलेय असं म्हणायचं होतं. पण योजनेत अर्धं शिकल्याची जागा नाही. वर्ष भरलं की शिकलेली.

मी तोंड उघडायच्या आतच मामा बोलले. "मॅडम, हिला सगळं येतं. माझ्यापरीस चांगलं येतं. मी आता दमलो, घरी बसतो."

मॅडमनी लिहिलं, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या आणि गाडीत बसल्या.

मी मामांच्या मागे गेटपर्यंत पळाले. "मला कॉम्प्रेसर उघडता येत नाही, मामा. तुम्हाला माहितीये." ते म्हणाले, "शिकशील. मला काय शिकून नाक येणार नाय." स्कूटर सुरू करत म्हणाले, "कुसाबाई उलट्या करत होती ना, ते डोळ्यापुढून जात नाय बघ." आणि गेले.

लोक म्हणणार ते म्हणालेच. टेम्पोत दोघी कुजबुजल्या, "पोरीने काढला त्याला." कुसाबाई त्यांच्यावर खेकसली. मला वाटलं, खेकसू नको गं, त्यांचं अर्धं खरं आहे.


३० मार्च, रविवार

पाडवा. आण्णांचा झेंडू नाशिकच्या फुलबाजारात चांगला गेला. आईने गुढीला साखरेच्या गाठी बांधल्या आणि आल्यागेल्याला सांगितलं, "आमची वैष्णवी कायम झाली." माझी मावशी मला मिठीच मारायला आली.

मी श्रीखंड खाल्लं, पण चव लागली नाही. भीतीने असेल.


२ एप्रिल, बुधवार

काल पहिला दिवस कसाबसा गेला. तेल काढायची वेळ आली नाही. आजचं सगळं नीट लिहिते, म्हणजे उद्या मला खोटं वाटणार नाही.

पहाटे उठले तर नाक गच्च. साधी सर्दी. घसा दुखतोय, डोकं जड. ओव्याची पुरचुंडी हुंगली, काही नाही. बाम लावला, गार लागला, वास नाही. आईने विचारलं, आवाज का असा? म्हटलं, काही नाही.

टेम्पोत बसले आणि कुणाला काही सांगितलं नाही. विचार केला, दिवसभर निभावून नेऊ. बघ, किती सोपं असतं ते. काही न सांगणं.

दहाच्या सुमाराला टाकीतलं तेल वर आलेलं दिसलं. काढणं भाग होतं, नाहीतर खोल्या गार होणार नाहीत, आणि आज कंटेनर बंदरावर निघायचा होता. मी बादली ठेवली. नळी लावली. चाकावर हात ठेवला आणि जोरात श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. समोर गॅस सुटलेला असेल किंवा नसेल, मला दोन्ही सारखंच.

मामा चार वर्षं इथे असेच उभे राहिले. आणि मी त्यांना मनात काय काय बोलले होते. माझी गत एका सकाळीत तीच झाली आणि मीही तेच करत होते, कुणाला न सांगता चाकाला हात घालत होते. भिंतीपलीकडे बायांचं हसणं ऐकू येत होतं. त्यात आईचं वेगळं ओळखू येतं.

हात काढला. हॉलमध्ये गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज मला वास येत नाहीये. सर्दी आहे. गळती आहे की नाही मला कळणार नाही. तुम्ही बाहेर जाऊन बसा."

आई हळूच म्हणाली, "गप. नोकरी जाईल." पण कुसाबाईने कात्री टेबलावर ठेवली आणि चालायला लागली. तिची पाठ अजून ताठ होत नाही. तिच्यामागे सगळ्या गेल्या.

शेठ धावत आले. "कुणी सांगितलं काम थांबवायला?"

"मी."

"गॅस सुटलाय?"

"माहीत नाही, शेठ. म्हणूनच."

"सर्दी झाली म्हणून कोल्ड स्टोरेज बंद ठेवायचं? कंटेनर दारात उभा आहे, वैष्णवी. हे असलं करायला कायम केलं का तुला?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सर्दीचं आणि दुसरंही. दरम्यान आईने कुणालातरी फोन लावला होता. थोड्या वेळात मामांची स्कूटर गेटमधून आली. शेठना हायसं वाटलेलं दिसलं. "धोंडीराम, तू बघ रे. ही पोरगी घाबरलीय."

मामांनी स्कूटर स्टँडला लावली. सगळ्या बायांसमोर म्हणाले, "शेठ, मलाबी वास येत नाय. चार वर्सं झाली. फेब्रुवारीत नळी सरकली नव्हती."

कुसाबाई त्यांच्याकडे बघत राहिली, मला वाटलं आता ती शिव्या घालणार. पण ती वळली शेठकडे. "शेठ, तुमचं नाक चांगलं हाय की. मामा चाक धरतील. तुम्ही बसा बादलीपाशी."

शेठनी मशीन रूमच्या दाराकडे बघितलं. मग कंटेनरकडे. मग खिशातून फोन काढला आणि थोडं लांब गेले.

"मी बसते," आई म्हणाली.

मी तिचा हात धरला. नको म्हणाले. आई, तू नको, दुसरं कुणीही. तिने माझा हात सोडवला, पदर ओला करून खांद्यावर घेतला आणि मामांच्या मागे आत गेली. मला शिकवल्याप्रमाणे मी दार उघडं धरून बाहेर उभी राहिले. जानेवारीपासून ज्या एका गोष्टीला भ्यायले, ती माझ्या डोळ्यांसमोर होती. आई बादलीपाशी उकिडवी बसलेली. मला वास येणार नव्हता, म्हणून मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात कुणाकडे इतकं बघितलं नसेल.

तिने नाक आक्रसलं. हात वर केला. मामांनी चाक फिरवलं.

बाया आत गेल्या. कंटेनर उशिरा पण गेला. शेठ मला एवढंच म्हणाले, "सोमवारी ऑफिसात ये, बोलू." मामांना काहीच बोलले नाहीत. मात्र संध्याकाळी वायरमन आला आणि पेटीच्या वायरी जोडून गेला, आणि मागच्या दारापुढची खोकी हलवलेली दिसली. कुलूप अजून आहे.

घरी आल्यावर आईने तीनदा डोकं धुतलं. शेवटी न्हाणीतूनच ओरडली, "असल्या घाण वासापाशी तीन महिने बसत होतीस? आणि मी तुला भित्री म्हणत होते."

सोमवारचं डोक्यात होतं. नोकरी गेली तर पुन्हा झेंडू, पुन्हा "मग, लागली का कुठं?" आणि राहिली तर पुन्हा ते चाक. दोन्हीची भीती वाटते, आणि कुठली जास्त ते आज ठरत नाही.

ती केस पुसत येऊन माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, "उद्या सर्दी उतरली नाही तर?"

"तर परत सांग," आई म्हणाली.